कुडाळच्या ताईंना, बर्फ कारखान्यातून

ताई, नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही विषय बदलता, म्हणून सगळ्यांसमोर लिहितोय. लिनक्सच्या छोट्या बोर्डांवर काम करणाऱ्या आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

मिरकरवाड्याच्या आमच्या कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान नोंदवणारी पेटी आहे, आत लिनक्सचा असाच छोटा बोर्ड. लाईट जाऊन आली की तिच्या नोंदी साडेपाच तास मागे पडायच्या. संध्याकाळी ७ चा आकडा दुपारी १:३० च्या नावावर! हाताने लॉगिन करून तोच प्रोग्राम चालवला की वेळ अचूक. पेटी बसवणाऱ्यांनी घड्याळाची बॅटरी बदलली, मग अख्खा बोर्डच बदला म्हणाले. नारळी पौर्णिमा तोंडावर आलेली, आणि टाकी कधी किती गार होती हेच छातीठोक सांगता येईना.

तुम्ही घड्याळाला हात लावू दिला नाहीत. प्रोग्रामबद्दल "तेका कोणी काय दिल्यान, ता आधी बघ," एवढंच म्हणालात आणि प्रॉकमधली त्या प्रोसेसची एन्व्हायर्न फाईल उघडायला लावलीत; सुरू होताना प्रोग्रामच्या हाती दिलेल्या 'नाव=किंमत' अशा ओळी तिच्यात असतात. मोजक्या ओळी निघाल्या. होम म्हणजे नुसता स्लॅश आणि टर्म म्हणजे लिनक्स, हे कर्नलनेच (लिनक्सच्या गाभ्याने) इनिटला, म्हणजे तो सुरू करतो त्या पहिल्या प्रोग्रामला, दिलेलं. पाथ, शेल, युजर ही बिझीबॉक्सच्या (छोट्या बोर्डांवरच्या आटोपशीर साधनसंचाच्या) इनिटची भर. टीझेडचा, म्हणजे स्थानिक वेळ कुठली धरायची ते सांगणाऱ्या ओळीचा, पत्ताच नाही, म्हणून प्रोग्राम यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) लिहीत होता. ती ओळ होती ईटीसीतल्या प्रोफाईल फाईलमध्ये, आणि ती फाईल फक्त लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन केल्यावर आपले आदेश घेणारा प्रोग्राम, वाचतो. बोर्ड सुरू होताना चालणाऱ्या स्क्रिप्ट तिच्या वाटेला जातच नाहीत.

यू-बूटचा, म्हणजे बोर्ड चालू होताच कर्नल उचलून सुरू करणाऱ्या प्रोग्रामचा, घोळही तुम्हीच सोडवलात. तिथे प्रिंटएन्व्ह केल्यावर दिसणारी यादी प्रोग्रामपर्यंत पोचते असं पुष्कळ जण धरून चालतात. ती यादी यू-बूटची स्वतःची. पुढे जातं ते बूटआर्ग्ज, कर्नलची कमांड लाईन म्हणून. त्यात कर्नलला अनोळखी असं 'नाव=किंमत' आलं, तरच ते इनिटच्या हाती पडतं. शिवाय साठवलेल्या यादीचा सीआरसी (मजकूर बिघडला का ते ओळखायचा पडताळा-आकडा) जुळला नाही तर यू-बूट तसा इशारा देऊन बायनरीत भरलेली डिफॉल्ट यादी उचलतं, हेही तेव्हाच कळलं.

टीझेड आता सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्येच एक्स्पोर्ट केलाय: आयएसटी-५:३०. तिथलं उणे चिन्ह बघून मी थबकलो होतो. यूटीसी मिळवायला स्थानिक वेळेत किती मिळवायचं ते तिथे लिहितात, म्हणून आपल्याकडे उणे, हे तुम्ही न कंटाळता समजावलंत. त्यानंतर कितीदा तरी लाईट गेली, नोंदी जागच्या जागी आहेत.

बोर्डाचा खर्च वाचला, ते आहेच. पण तुम्ही नुसता उपाय सांगून फोन ठेवला नाहीत, प्रत्येक ओळ कुठून आली ते माझ्याकडून शोधून घेतलंत, त्याचं मोल मला फार आहे.

गणपतीत रत्नागिरीला आलात तर घरी नक्की या. यू-बूटच्या यादीच्या दोन प्रती ठेवायची सोय आमच्या बोर्डावर कशी करायची, ते शिकायचंय.

तुमचा,
मिरकरवाड्याचा भाऊ