अंगणातील पाण्याला वाट दाखवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या पोर्चमध्ये पाणी साचले नाही. अंगणात जाळीने झाकलेली पन्हाळ, म्हणजे पाणी वाहून नेणारी नाली, बसवण्याच्या ज्या कामामुळे हे घडले ते आपल्या देखरेखीखाली झाले असल्याने आपले आभार चार लोकांसमक्ष मानावेत, म्हणून हे पत्र. नाशिकमध्ये पावसाची चर्चा गंगापूर धरणाच्या विसर्गापासून सुरू होते आणि ज्यावरून गोदावरीच्या पुराची पातळी जोखतात त्या दुतोंड्या मारुतीपाशी येऊन थांबते. गोदाकाठापासून दूरच्या कॉलन्यांत, अंगणात साचणाऱ्या घोट्याइतक्या पाण्याची दखल सहसा कोणी घेत नाही. आपण ती घेतली.

आमचे दुखणे जुने होते. रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले, तशी आमच्यासारखी जुनी घरे जागच्या जागी सखल झाली आणि रस्त्यावरचे पाणी फाटकातून थेट आत येऊ लागले. ज्या ठेकेदाराला आम्ही बोलावले होते, त्याने पोर्चचा कोबा उचलून घ्यावा आणि बागेतले पाणी सांडपाण्याच्या चेंबरला जोडावे, असे सुचवले. कोबा उचलला तर तेच पाणी बागेतून जोत्याकडे वळेल आणि जोराच्या पावसात ते चेंबर तुंबले तर मैलापाणी न्हाणीघरातून वर येईल, हे आपण त्याच्यासमोरच, पण त्याचा मान राखून सांगितलेत.

जलसंपदा खात्यात उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाने एका घराच्या नालीकडेही कालव्याइतक्याच गांभीर्याने पाहावे, याचे मला आजही नवल वाटते. जाळ्यांच्या दुकानात जाण्याआधी आपण पाण्याने भरलेली लेव्हल नळी धरून रस्त्याकडेच्या पावसाळी गटाराचा तळ तपासलात, आणि तो आमच्या अंगणापेक्षा पुरेसा खाली आहे अशी खात्री झाल्यावरच दोरी बांधायला सांगितलीत. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. त्या हिशेबाने १०० चौरस मीटर फरसबंदीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर ५,००० लिटर पाणी वाहून न्यावे लागेल, हे आपण कागदावर मांडून दाखवलेत आणि पन्हाळीची रुंदी व पाइपाचा व्यास त्यावरून ठरवलात. काम गटाराच्या टोकाकडून सुरू करून वरच्या बाजूला नेलेत, आणि मीटरमागे एक सेंटीमीटर ढाळ शेवटपर्यंत सुटू दिला नाहीत.

गाडीच्या वाटेवर १२५ किलोन्यूटन (सुमारे साडेबारा टन) भाराच्या दर्जाची ओतीव लोखंडी जाळी आणि पायवाटेवर हलकी जाळी, ही निवडही आपलीच. दोन्ही बाजूंनी काँक्रीट भरताना जाळ्या पन्हाळीत बसवलेल्याच ठेवायच्या, नाहीतर तिच्या भिंती आत दबतात, आणि फरशी जाळीपेक्षा तीनेक मिलिमीटर वर ठेवायची, म्हणजे पाणी जाळीच्या कडेला अडत नाही, या गोष्टी आमच्या मिस्त्रींनी आपल्याकडून मनापासून शिकून घेतल्या. पुढच्या कामावरही ते असेच करतात, असे त्यांनी मला आवर्जून सांगितले.

बागेचा प्रश्न निराळा होता. आमच्या बागेतली काळी माती पाण्याने फुगते, उन्हात आकसते आणि त्या ओढाताणीत जोत्याला तडे जातात. शोषखड्डा भिंतीलगत नको, असे आपण बजावलेत. त्याऐवजी भिंतीपासून दूर चर खणून, त्यात जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे कापड अंथरून, खडीच्या मधोमध छिद्रांचा पाइप टाकून कापडाची घडी वरून मिटवायला लावलीत. कापडाचा खर्च मला सुरुवातीला अनावश्यक वाटत होता. पण बारीक माती खडीत शिरली की चर लवकरच निकामी होतो, हे आपण पटवून दिलेत.

मोबदल्याचा विषय आपण निघू दिला नाहीत, त्यामुळे त्याबद्दल अधिक लिहीत नाही. गाळाच्या चेंबरमधली बादली पावसाळ्यात दर रविवारी रिकामी होते. कडुनिंबाची पाने तिच्यात किती जमतात, हे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. कॉलनीतली आणखी काही मंडळी आपल्याकडून अंगणाचा उतार तपासून घ्यायला उत्सुक आहेत. आपल्याला विचारल्याखेरीज मी कोणालाही शब्द दिलेला नाही. आपली सवड कळवावी, म्हणजे लेव्हल नळी घेऊन मी स्वतः आपल्याबरोबर येईन.

आपला कृतज्ञ शेजारी,
गंगापूर रोड, नाशिक