पाहुण्यांबद्दल लिहिलेला खरा अभिप्राय काढून टाकल्याबाबत तक्रार

दिनांक : २० फेब्रुवारी २०२६

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन मुक्काम बुकिंग सेवा

विषय : कुत्र्यासह राहून गेलेल्या पाहुण्यांबद्दलचा आमचा अभिप्राय काढून टाकणे आणि नुकसानभरपाईचा अर्ज फेटाळणे.

महोदय / महोदया,

दिवेआगर, तालुका श्रीवर्धन, जिल्हा रायगड इथे आमचं राहतं घर आहे. त्यातल्या दोन खोल्या आम्ही पर्यटकांना देतो. निवास-न्याहारी योजनेत आमची नोंदणी आहे. तुमच्यामार्फत येणाऱ्या प्रत्येक बुकिंगमागे तुम्ही आमच्याकडून कमिशन कापून घेता. तेव्हा ही तक्रार मी तुमची ग्राहक म्हणून करते आहे.

२४ ते २६ जानेवारीच्या जोडून आलेल्या सुट्टीत तुमच्याकडून एक कुटुंब आमच्याकडे उतरलं. चार माणसं आणि एक मोठा कुत्रा. कुत्रा येणार हे बुकिंगमध्येच लिहिलेलं होतं आणि आम्ही आनंदाने होकार दिला होता. आमचे नियम तुमच्या पानावर मराठी आणि इंग्रजी दोन्हींत आहेत. कुत्र्याला पलंगावर घेऊ नये. खोलीत एकटं कोंडून बाहेर जाऊ नये. अंगणात आणि समुद्रावर पट्टा सोडू नये. त्याने कुठे घाण केली तर लगेच सांगावं, साफ आम्ही करू. हे सगळं मी ते आल्यावर पडवीत बसून पुन्हा तोंडी सांगितलं. शेवटचं वाक्य तर दोनदा सांगितलं, कारण वेळेवर कळलं तर बहुतेक गोष्टी निभावून नेता येतात.

ते गेल्यावर आम्ही खोली उघडली तेव्हा पलंगावरची चादर नीट ताणून, वर पांघरूण घालून ठेवलेली होती. ती उचलली तर खाली कापसाच्या गादीवर हातभर ओला डाग. मूत आतपर्यंत मुरलेलं. उशीच्या अभ्र्यांना चिखलाचे पंजे पुसलेले. न्हाणीघराच्या कोपऱ्यात विष्ठा, तीही आदल्या दिवशीची असावी, कारण कडेने वाळलेली होती. ओट्याखाली सुरमईचे काटे सांडलेले आणि त्यांवर मुंग्यांची रांग. दाराच्या चौकटीला नखांचे ओरखडे होते, म्हणजे कुत्र्याला कोंडून मंडळी बाहेर गेली होती. गादीच्या शिवणीत मला दोन गोचीड सापडल्या. गोचीड नुसती झटकून जात नाही. ती भिंतीच्या फटीत जाऊन अंडी घालते आणि अंगावर चढायला कोणी मिळालं नाही तरी दीर्घकाळ तग धरते. खोली बंद ठेवून फवारणी करावी लागली.

तुमच्या कार्यालयातल्या माणसांना कदाचित वाटेल, गादी धुवायची आणि वाळवायची, त्यात काय एवढं. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर कापसाची गादी वाळत नाही. वरून कोरडी लागते, आत ओल तशीच राहते, आणि हवा दमट झाली की वास परत वर येतो. ती उसवून, कापूस पिंजून नव्याने भरावी लागते, आणि पिंजारी आता आमच्याकडे दारावर येत नाही. शिवाय जिथे वास शिल्लक राहतो तिथेच पुढचा कुत्रा पाय वर करतो. म्हणून अशी गादी टाकूनच द्यावी लागते. त्याच संध्याकाळी दुसरे पाहुणे यायचे होते. त्यांना आम्ही आमच्या माजघरातली स्वतःची गादी दिली.

अंगणात सुपारी वाळत घातली होती. आमच्याकडे सुपारी सालीसकट महिना-सव्वा महिना उन्हात राहते, मग सोलतात. मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याने तिच्यावर पाय वर केलेला माझ्या सासूबाईंनी पाहिला. त्यांनी हाक मारली तर मालक म्हणाले, ‘साल आहे ना वर, काही होत नाही.’ ही सुपारी लोकांच्या खाण्यात जाते, पूजेत गणपती म्हणून मांडली जाते. तेवढा भाग आम्ही वेगळा काढला आणि फेकून दिला. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन-दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या, त्यात आमचीही. नवीन लावलेली सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात. तोवर घर चालावं म्हणून आम्ही या खोल्या काढल्या. आता कुठे झाडं धरू लागली आहेत. त्या सुपारीकडे आम्ही कोणत्या नजरेने पाहतो हे तुम्हाला कळावं, म्हणून इतकं सांगितलं.

आता मुख्य तक्रार. तुमच्या मुदतीत आम्ही अभिप्राय लिहिला. तो तुम्ही काढून टाकल्यामुळे इथे शब्दशः देते :

‘चार जणांचं कुटुंब आणि एक मोठा कुत्रा, दोन रात्री. पैसे वेळेवर दिले, बोलणं सभ्य. कुत्रा शांत स्वभावाचा. कुत्र्याला पलंगावर घेऊ नये, एकटं कोंडू नये, मोकळं सोडू नये हे लेखी आणि तोंडी सांगूनही पाळलं नाही. गादीवर कुत्र्याने लघवी केली होती, न्हाणीघरात विष्ठा तशीच होती, स्वयंपाकघर खरकटं सोडलं. जाताना यातलं काहीही आम्हाला सांगितलं नाही. गादी टाकून द्यावी लागली. संवाद चार स्टार, स्वच्छता एक, नियमांचं पालन एक.’

यात एकही शिवी नाही. नाव, गाव, जात, पेशा, गाडीचा नंबर, काही नाही. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच आहे, आणि जे चांगलं होतं तेही आधी लिहिलं आहे. कुत्र्याला दोष दिलेला नाही, कारण दोष त्याचा नव्हताच. परक्या घरात दिवसभर कोंडलेलं जनावर आणखी काय करणार?

पाहुण्यांनी तक्रार केल्यावर तुमचा मेल आला की अभिप्राय ‘धोरणाशी सुसंगत नाही’. कोणत्या वाक्यामुळे, ते लिहिलेलं नाही. मी फोन केला. तुमच्या प्रतिनिधीने सांगितलं की काही शब्द आक्षेपार्ह आहेत. कोणते म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं नाही. नंतर बोलता बोलता कळलं की त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, मशीनने केलेलं भाषांतर पाहून ते माझ्याशी बोलत होते. घाण झाली आहे हे सांगताना विष्ठेला विष्ठाच म्हणावं लागतं. तिला ‘थोडी अस्वच्छता’ म्हटलं तर वाचणाऱ्याला काय समजणार?

त्याच पाहुण्यांनी आमच्याबद्दल लिहिलं आहे : ‘घर छान, पण खोलीला वास येत होता.’ तो अभिप्राय आजही तुमच्या पानावर आहे. वास कशाचा होता हे सांगणारा आमचा मजकूर तेवढा गेला.

ही मंडळी आमच्याकडे कशी आली तेही सांगते. त्यांच्या पानावर आधीच्या यजमानांचे पाच-पाच स्टार होते. ‘अतिशय छान कुटुंब, पुन्हा यावं.’ ते वाचूनच आम्ही होकार दिला होता. या प्रकारानंतर त्यांतल्या एका यजमानांना मी फोन केला. तेही किनाऱ्यावरचेच, दक्षिणेकडचे. ते म्हणाले, ‘वहिनी, आमच्याकडे झोपाळ्याची गादी फाडली होती त्याने. पण वाईट कसं लिहायचं? लोक आपल्यालाच भांडखोर समजतात, पुढचं बुकिंग येत नाही.’ मी त्यांना दोष देत नाही. दारी आलेल्या पाहुण्याबद्दल चारचौघांत वाईट बोलू नये, हे कोकणात लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं. पण भीड भिकेची बहीण. त्यांच्या भिडेचे पैसे आम्ही भरले, आणि आमचा अभिप्राय गेल्यामुळे पुढचे पैसे आणखी कोणीतरी भरेल.

तुमच्या पद्धतीत दोघांचे अभिप्राय लिहून होईपर्यंत किंवा चौदा दिवसांची मुदत संपेपर्यंत एकमेकांना दिसत नाहीत. हा नियम चांगला आहे. समोरचा सूड म्हणून वाईट लिहील ही भीती जावी, एवढ्यासाठीच तो आहे. पण नंतर पाहुण्याच्या एका तक्रारीवर यजमानाचा मजकूर उडत असेल तर ती भीती मागच्या दाराने पुन्हा घरात येते. मग यजमान खोटं गोड लिहितात, आणि तुमच्या स्टारांना काही अर्थ राहत नाही.

यात सगळ्यात जास्त अन्याय नीटनेटक्या पाहुण्यांवर होतो. पुण्याचं एक वयस्क जोडपं त्यांच्या म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन आमच्याकडे येतं. तिची चादर, तिचं ताट, तिच्या रेबीजच्या लशीचं कार्ड, सगळं बरोबर असतं. समुद्रावरून आल्यावर काका आधी तिला विहिरीजवळच्या नळावर नेतात, चारही पाय धुतात, जुन्या पंच्याने पुसतात आणि मगच पडवीची पायरी चढू देतात. एकदा तिने रात्री उलटी केली, तर काकूंनी पहाटेच दार वाजवून सांगितलं. दहा मिनिटांत सगळं आवरलं. त्यांच्याबद्दल आम्ही भरभरून लिहिलं आहे. पण ज्यांनी घाण लपवून ठेवली त्यांच्या पानावरही तेच पाच स्टार असतील, तर काका-काकूंच्या पाच स्टारांची किंमत काय? आमच्या आळीत दोन घरांवर ‘पाळीव प्राणी आणू नयेत’ अशा पाट्या लागल्या आहेत. अशाने आणखी लागतील, आणि मग काका-काकूंनी त्या म्हाताऱ्या कुत्रीला घेऊन जायचं कुठे?

समुद्रावर पट्टा सोडू नये हा आमचा नियम हौसेखातर केलेला नाही, तेही सांगून टाकते. हिवाळ्यात आमच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्यांना पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. कासवमित्र रात्रीचे फिरून घरटी शोधतात आणि जाळीच्या कुंपणात सुरक्षित ठेवतात, कारण उघड्या घरट्यातली अंडी कुत्री उकरून खातात. घरचं लाडकं कुत्रं असो की गावातलं, वाळूत वास लागला की तेही उकरतंच. या पाहुण्यांनी दोन्ही दिवस सकाळी कुत्रा मोकळा सोडला होता. अशा पाहुण्याबद्दल पुढच्या किनारी गावातल्या यजमानाला आधी कळायला नको का?

नुकसानभरपाईबद्दल थोडक्यात. ‘पाळीव प्राण्यांचं स्वागत’ हे बटण चालू करा, नुकसान झालं तर आम्ही आहोत, असं तुमच्याच लोकांनी आम्हाला सांगितलं होतं. फोटो, नवीन गादीचं बिल आणि फवारणीची पावती मुदतीत पाठवूनही ‘नेहमीच्या वापरातली झीज’ म्हणून आमचा अर्ज फेटाळला. मूत मुरलेली गादी ही झीज कशी होते, ते मला लेखी हवं आहे.

मला काय हवं ते स्पष्ट लिहिते. आमचा अभिप्राय जसाच्या तसा परत लावावा. त्यातलं एखादं वाक्य खरोखरच नियमात बसत नसेल तर ते वाक्य दाखवावं, तेवढं मी बदलून देईन. पण घडलेली गोष्ट गाळणार नाही. निर्णय मराठी वाचता येणाऱ्या माणसाने मूळ मजकूर वाचून घ्यावा. खोलीला वास येत असल्याच्या त्यांच्या अभिप्रायाखाली आमचं उत्तर दिसावं. भरपाईचा अर्ज बिलं पाहून पुन्हा तपासावा. आणि पुढच्यासाठी एक मागणी : पाहुण्यांच्या पानावर प्राण्यासह केलेल्या मुक्कामाची नोंद वेगळी दाखवा. माणसं सभ्य असणं आणि जनावराची काळजी घेता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आज तुम्ही दोन्हींचे स्टार एकातच मिसळता.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात करायचं असतं. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये केवळ उपजीविकेच्या स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूंचा वापर ‘व्यावसायिक’ धरलेला नाही, आणि आमच्या मते हेच तत्त्व सेवेलाही लागू व्हायला हवं. त्यामुळे ‘तुम्ही व्यावसायिक आहात’ असं उत्तर कृपया पाठवू नये. महिन्याभरात लेखी निर्णय आला नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पुढे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची आमची तयारी आहे. फोटो, बिलं, तुमच्याशी झालेला पत्रव्यवहार आणि काढलेल्या अभिप्रायाचा स्क्रीनशॉट पत्रासोबत जोडला आहे.

शिमग्याच्या दिवसांसाठी कुत्र्यासह येऊ इच्छिणाऱ्या दोन कुटुंबांची विचारणा तुमच्या ॲपवर आमच्याकडे आली आहे. दोघांच्याही पानावर पाच स्टार आहेत. तुमचं उत्तर येईपर्यंत मी दोघांनाही होकार दिलेला नाही, आणि पाळीव प्राण्यांचं बटण बंद ठेवलं आहे.

आपली,
होमस्टे चालक,
दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड