वजनाची इंजेक्शने आणि मात्रेची घाई

महोदय,

मौंजारो आणि वेगोव्ही ही आठवड्यातून एकदा घ्यायची इंजेक्शने २०२५ मध्ये भारतात आल्यापासून फोंड्यातही ‘कोणते जास्त वजन उतरवते’ एवढाच प्रश्न विचारला जातो. थेट तुलनेच्या चाचणीत ७२ आठवड्यांत मौंजारोतील तिर्झेपाटाइडने सरासरी सुमारे २० टक्के, तर वेगोव्हीतील सेमाग्लुटाइडने सुमारे १४ टक्के वजन घटले, हे खरे; पण निवड करताना पूर्वीचा स्वादुपिंडदाह, घराण्यातील थायरॉइडच्या विशिष्ट कर्करोगाचा इतिहास आणि खर्च (तो महिन्यामागून महिने करावा लागतो) यांचाही विचार व्हायला हवा.

माझ्या पत्नीने तिर्झेपाटाइडची २.५ मिलिग्रॅमची मात्रा चार आठवडे घेण्याऐवजी दुसऱ्याच आठवड्यात परस्पर ५ वर नेली आणि चतुर्थीच्या दिवशी पातोळ्यांचा नुसता वास आला तरी तिला उमासे येऊ लागले. डॉक्टरांनी मात्रा पुन्हा खाली आणली, तेलकट बंद करून थोडे थोडे खायला आणि भरपूर पाणी प्यायला सांगितले, तेव्हा कुठे आठवडाभरात तिला पेज पचू लागली. पोटात तीव्र, न थांबणारी कळ आल्यास मात्र घरी न थांबता इस्पितळ गाठावे, असेही त्यांनी बजावले. ही माहिती इंजेक्शन विकतानाच फार्मसीत मराठी-कोंकणीतून छापील स्वरूपात दिली जावी, अशी विनंती आहे.

– एक वाचक, फोंडा