पंप बसला, पण पाणी फिरले नाही : चुकीच्या वॉटर पंपाबद्दल दुसरे तक्रार पत्र

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : जुन्या गाडीसाठी उलट दिशेचा वॉटर पंप पाठवल्याबद्दल आणि पहिल्या तक्रारीला दिलेल्या उत्तराबद्दल

महोदय,

तुमच्या कंपनीकडून घेतलेला वॉटर पंप, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी फिरवणारा पंप, उलट दिशेचा आहे आणि त्यामुळे गाडी तापते, अशी तक्रार मी गेल्या महिन्यात केली होती. त्यावर तुमचे चार ओळींचे उत्तर आले. पंप तपासला, सील आणि बेअरिंग व्यवस्थित आहेत, उत्पादनात दोष आढळला नाही, गाडी गरम होण्याचे कारण ‘फिटिंगमधील निष्काळजीपणा’ असावे. सोबत पंपही परत आला. या उत्तराने माझे समाधान झालेले नाही, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे. ते तुमच्याकडे पार्ट कॅटलॉगचे काम पाहणाऱ्या व्यक्तीपर्यंत पोचवावे ही विनंती, कारण चूक तिथे आहे.

माझी गाडी ३० वर्षांहून जुनी आहे. तिच्या मूळ पंपाच्या पोटाखालच्या बारीक भोकातून कूलंट ठिबकू लागले होते. ते भोक सील गेल्याची खूण दाखवण्यासाठीच ठेवलेले असते, हे तुम्हाला सांगायला नको. पुली हाताने हलवली की शाफ्टही थोडा हलत होता. म्हणजे सील आणि बेअरिंग दोन्ही गेले होते आणि पंप बदलणे भाग होते. कंपनीचा मूळ पंप आता मिळत नाही, म्हणून तुमच्याकडे आलो.

मागवण्याआधी मी तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला होता. गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंजिन क्रमांक सांगितला. गाडीत फॅन पंपाच्या हबवरच (पुली जिच्यावर बसते त्या पुढच्या चकतीवर) आहे आणि एकेरी व्ही-बेल्ट (व्ही आकाराचा पट्टा) आहे, हेही आपण होऊन सांगितले. उत्तर मिळाले, “या इंजिनच्या सगळ्या वर्षांना एकच पंप आहे साहेब, बसेल.” मी पुन्हा विचारले, हबची उंची तीच आहे का? “बसेल,” हेच उत्तर पुन्हा मिळाले.

आणि पंप खरोखरच बसला. बोल्टची भोके जुळली, गॅस्केट जुळले, खालच्या होज पाइपचे तोंड जुळले, हीटरच्या पाइपचेही जुळले. जुनी पुली नव्या हबवर चढली, बेल्ट सरळ रेषेत आला, फॅन आणि रेडिएटरमधले अंतर पूर्वीइतकेच राहिले. माझ्या मेकॅनिकने दोन्ही पंप शेजारी ठेवून हबची उंची पट्टीने मोजली होती. निष्काळजी माणूस हे करत नाही. इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारे आतले पात्यांचे चाक, मात्र त्याला पाहता आला नाही, कारण तुमच्या पंपाला मागून स्क्रूने बसवलेले पत्र्याचे झाकण आहे. नवा, सीलबंद आलेला पंप कोणी उघडून पाहत नाही, आणि उघडला असता तर तुम्हीच वॉरंटी नाकारली असती.

पहिले दोन दिवस गाडी चांगली चालली. उभ्या गाडीत तासभर इंजिन चालू ठेवले तरी तापमानाचा काटा मध्यावर राहिला. तिसऱ्या दिवशी चार माणसे आणि सामान घेऊन लांब चढ लागला आणि काटा वर सरकू लागला. मी बाजूला थांबलो, बॉनेट उघडले, हीटर पूर्ण चालू केला आणि इंजिन थंड होऊ दिले. परतताना उतारावर काहीच झाले नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच चढ, पुन्हा तेच.

यानंतर आम्ही जे केले ते तुम्ही नीट वाचावे. पंप नवा आहे, त्यामुळे तो सोडून बाकी सगळ्यावर आम्ही संशय घेतला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, काढून गरम पाण्याच्या पातेल्यात धरला. तो त्याच्यावर छापलेल्या ८२ अंशांच्या आसपासच उघडत होता, तरी नवा घातला. रेडिएटरचे झाकण बदलले, कारण झाकणाने दाब धरला नाही तर कूलंट लवकर उकळते. रेडिएटर उतरवून आतून धुवून घेतला. खालचा होज पाइप रेस केल्यावर आत ओढला जाऊन चपटा होतो का, ते पाहिले. फॅन बेल्टचा ताण तपासला. प्रत्येक वेळी सगळे कूलंट काढून पुन्हा निम्मे पाणी, निम्मे कूलंट भरले आणि हवा काढली. एवढे करूनही चढावर काटा वर गेलाच.

शेवटी मेकॅनिकने इन्फ्रारेड थर्मामीटर आणला. चढावर गाडी तापल्याबरोबर थांबवली आणि इंजिन चालू असतानाच रेडिएटरचे वरचे आणि खालचे तोंड मोजले. वर १०४ अंश, खाली ५८ अंश. रेडिएटर नुकताच साफ केलेला होता. तो गरम पाणी छान थंड करत होता, पण ते थंड पाणी इंजिनपर्यंत पुरेशा वेगाने पोचत नव्हते. पाणी रेडिएटरमध्ये रेंगाळत होते. तेव्हा कुठे आमचे लक्ष पंपाकडे गेले.

पंप काढला, मागचे झाकण उघडले आणि जुन्या पंपाशेजारी ठेवला. दोन्ही इम्पेलरना सहा पाती, व्यास सारखा, पण पात्यांचा बाक एकमेकांच्या बरोबर उलट. आरशात पाहावे तसे.

माझे इंजिन समोरून पाहिले तर पंप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो, कारण व्ही-बेल्ट आतल्या बाजूने पुलीला धरतो. याच इंजिनच्या पुढच्या वर्षांच्या मॉडेलमध्ये अनेक खाचांचा एकच लांब चपटा बेल्ट आला. तो पंपाच्या पुलीवर पाठीकडून जातो, त्यामुळे तिथे पंप उलटा फिरतो. इंजिनचा ब्लॉक तोच राहिला, बोल्ट तेच राहिले, म्हणून बाहेरून पंप हुबेहूब सारखा दिसतो. इम्पेलर मात्र फिरण्याच्या दिशेप्रमाणे वेगळा घडवावा लागतो. बाकदार पात्यांची टोके फिरण्याच्या दिशेच्या मागे झुकलेली हवीत, तरच मधोमध आलेले पाणी नीट बाहेर फेकले जाते. तुम्ही पाठवलेल्या पंपात, माझ्या इंजिनवर, ती टोके पुढे झुकलेली आहेत.

असा पंप पाणी उलट दिशेने ढकलत नाही, आणि म्हणूनच ही चूक फसवी आहे. पाणी मधून आत येते आणि कडेने बाहेर जाते, मग इम्पेलर कसाही फिरो. पाणी वाहते, फक्त कमी वाहते. इंजिनवर भार नसताना उष्णताच थोडी तयार होते, तेवढ्याला हे कमी वाहणे पुरते. भार आला की पुरत नाही. तुमच्या तपासणी विभागाने पंप टेबलावर ठेवून शाफ्ट फिरवून पाहिला असेल, सील गळते का पाहिले असेल. त्यात त्यांना दोष दिसणार नव्हताच. पंप निर्दोष आहे हा तुमचा निष्कर्ष मला मान्य आहे. तो दुसऱ्या इंजिनचा निर्दोष पंप आहे. माझी तक्रार पहिल्या पत्रातही हीच होती, आणि त्या पत्रासोबत दोन्ही इम्पेलरची छायाचित्रे जोडली होती. तुमच्या उत्तरात त्यांचा उल्लेखही नाही.

जाता जाता आणखी एक सांगतो. इम्पेलर आणि मागच्या झाकणामधली फट मी जुन्या पंपात मोजली, ती साधारण १ मिलिमीटर भरली. तुमच्या पंपात ती अडीच मिलिमीटरच्या पुढे आहे. पात्यांवर मऊ क्लेच्या गोळ्या ठेवून झाकण घट्ट केले आणि दबलेल्या क्लेची जाडी मोजली, कोणीही करून पाहू शकेल. फट वाढली की पाणी पुढे जाण्याऐवजी पात्यांवरून मागे घसरते. नव्या मॉडेलमध्ये कदाचित हे चालत असेल, तिथले मला माहीत नाही. पण ‘सगळ्या वर्षांना एकच’ म्हणताना हे माप कोणी पाहिले होते का?

आता तुमच्या उत्तरातल्या ज्या शब्दांनी मला सर्वांत जास्त त्रास झाला त्याबद्दल. ‘फिटिंगमधील निष्काळजीपणा.’ माझे मेकॅनिक ही गाडी सोळा वर्षे सांभाळत आहेत. गॅस्केटची जागा त्यांनी खरवडून, पुसून, कोरडी करून घेतली, बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळले. तुमच्या पंपातून एक थेंबही गळला नाही, हे तुमचीच तपासणी सांगते. मग निष्काळजीपणा कशात दिसला? गाडी तापली तेव्हा त्यांनी स्वतःच्या कामावर आधी संशय घेतला, दोन रविवार माझ्याकडून काही न घेता गाडीखाली घालवले. त्यांना मी तुमचे पत्र दाखवले तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त पत्र घडी करून परत दिले. तो शब्द तुम्ही लेखी मागे घ्यावा. बाकी मागण्यांवर बोलता येईल, यावर नाही.

गाडी सध्या ठीक आहे, पण तुमच्या पंपावर नाही. जुन्याच पंपाची बॉडी आणि इम्पेलर चांगले होते. एका लेथवाल्या कारागिराने त्यात नवे बेअरिंग, शाफ्ट आणि सील घातले, आणि इम्पेलर पूर्वीच्याच खोलीपर्यंत दाबून बसवला. त्याच चढावर, तेवढ्याच माणसांना घेऊन, मी गाडी पुन्हा नेली. वरचे तोंड ९१ अंश, खालचे ८२. काटा मध्याच्या वर गेला नाही. रेडिएटर तोच, थर्मोस्टॅट तोच, झाकण तेच, बसवणारे हातही तेच. बदलला तो फक्त पंप.

इंजिनचे हेड वाकले नाही आणि हेड गॅस्केट गेले नाही, कारण दर वेळी काट्यावर लक्ष होते आणि गाडी लगेच थांबवली. ज्याच्या गाडीचा काटा बंद आहे, किंवा ज्याला थांबायला जागा मिळाली नाही, त्याच्याकडे तुमचा हाच पंप गेला असेल तर त्याचे इंजिन गेले असेल, आणि त्यालाही तुम्ही हेच चार ओळींचे उत्तर दिले असेल. याची मला खरोखर काळजी वाटते. जुन्या गाड्यांची माणसे पार्ट मिळाला यातच समाधान मानतात आणि पुढे तक्रार करत नाहीत.

म्हणून माझ्या मागण्या अशा. पंपाची पूर्ण रक्कम परत करावी, आणि तो बसवण्या-काढण्याची मजुरी, वाया गेलेले कूलंट, विनाकारण बदललेला थर्मोस्टॅट आणि झाकण यांचा खर्च द्यावा. पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कॅटलॉगमध्ये या पार्ट क्रमांकापुढे व्ही-बेल्टचे इंजिन आणि चपट्या बेल्टचे इंजिन अशा दोन वेगळ्या नोंदी कराव्यात, पंप कोणत्या दिशेने फिरणारा आहे ते लिहावे, आणि खोक्यावर तसा बाण छापावा. हबची उंची आणि इम्पेलरची फट हीही मापे दिलीत तर मेकॅनिक लोकांना मोठा उपयोग होईल. फोनवरच्या तुमच्या माणसांना ‘बसेल’ म्हणण्याआधी बेल्ट कोणता आहे, एवढा एक प्रश्न विचारायला सांगावे. मी तर न विचारताच सांगितले होते. आणि व्ही-बेल्टच्या गाड्यांसाठी हा पंप ज्यांनी ज्यांनी नेला त्यांची नोंद तुमच्याकडे असेलच, त्यांना कळवावे. व्ही-बेल्टच्या इंजिनसाठी योग्य पंप तुमच्याकडे नसेल तर नाही म्हणावे. मी नाराज झालो नसतो, जुनाच पंप आधी दुरुस्त करून घेतला असता.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. तुमचा पंप झाकण उघडलेल्या अवस्थेत माझ्याकडे जपून ठेवला आहे. तुमच्या तांत्रिक विभागातील कोणी यायला तयार असेल तर दोन्ही इम्पेलर शेजारी ठेवून दाखवीन. मेकॅनिकही त्या वेळी हजर राहतील.

कळावे.

आपला,
एक ग्राहक