खाडा कोणाला परवडतो?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीतला अमेरिकेतल्या श्रमप्रतिष्ठेवरचा लेख वाचला. लेख चांगला आहे पण तेच ते, तिकडे प्रोफेसर स्वतः गवत कापतो, प्लंबर कारमधून येतो, वेट्रेस हसून बोलते, कुठलंच काम हलकं नाही आणि आपण मात्र अजून जातीत अडकलोय. मी अठ्ठावीस वर्षं बँकेत क्लार्क होतो, युनियनमध्ये होतो, आणि गेल्या वर्षी सहा महिने न्यू जर्सीत एडिसनला मुलीकडे राहून आलो, एवढ्याच भांडवलावर लिहितोय. लेखकानी जे बघितलं ते मीपण बघितलं, खोटं काही नाही, पण अर्धंच आहे.

मुलीकडे दर पंधरा दिवसांनी साफसफाईला दोघी यायच्या, ग्वाटेमालाच्या, व्हॅनमधून, स्वतःचा व्हॅक्यूम घेऊन. त्या येणार म्हणून आदल्या रात्री आमची मुलगी घर आवरत बसायची, माझ्या बायकोला याचं फार हसू यायचं. त्या दोघी आमच्या मुलीला नुसत्या नावाने हाक मारायच्या, मुलगी त्यांना नावाने, मॅडम वगैरे भानगड नाही. एकदा त्यातली एक मनगटाला पट्टा बांधून आली, हात सुजलेला, आणि डाव्या हाताने कमोड घासत होती. बायकोने चहा केला तर दोघींनी उभ्याउभ्याच संपवला, कारण पुढे अजून तीन घरं होती. मी मुलीला म्हटलं अगं तिला म्हणावं आज घरी जा, तर ती म्हणाली बाबा, घरी गेली तर आजचे पैसे गेले, आणि असं दोनतीनदा झालं तर त्यांना कामाला ठेवणारी व्हॅनवाली दुसरी बाई बघेल.

म्हणजे आपल्याकडचा खाडाच की हो. तेव्हापासून मला एक खोड लागली, कोण कोणाला नावाने हाक मारतं हे बघायचं सोडून खाडा कोणाला परवडतो हे बघायला लागलो. भरपगारी सुट्टी द्यायलाच पाहिजे असा देशभराचा कायदा तिथे नाहीच. 1993 सालच्या कायद्यात बाळंतपण, मोठं आजारपण यासाठी 12 आठवडे रजा आहे पण ती बिनपगारी, आणि पन्नासपेक्षा कमी माणसं कामाला असली तर साधारण तीही नाही. न्यू जर्सीने 2018 मध्ये आजारपणाच्या पगारी रजेचा कायदा केला, चांगली गोष्ट आहे, पण रोखीत काम करणारी, इंग्रजी न येणारी बाई ती मागणार कोणाकडे?

आता ते वेट्रेसचं हसू. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने किमान किती द्यायचं, तर केंद्राच्या कायद्याप्रमाणे तासाला 2 डॉलर 13 सेंट, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. काही राज्यांत जास्त आहे, न्यू जर्सीतही आहे, पण बऱ्याच राज्यांत अजून तेवढाच. बाकीचं गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. मग ती हसणार नाही तर काय करणार! अर्ली हॉकशील्ड नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1983 मध्येच एअर होस्टेसचा अभ्यास करून सांगितलं होतं की हे हसणं हासुद्धा कामाचाच भाग असतो, हातपाय विकतात तशा भावनाही पगारावर विकाव्या लागतात. आमचे लेखक त्यालाच समता समजून आले.

पण गंमत अशी की सगळं सरळ वरखालीही नाही. गरम पाण्याची टाकी दुरुस्त करायला प्लंबर आला, टाकी बघितली, म्हणाला पार्ट मागवतो, पण पुढचा आठवडा मी मासे पकडायला चाललोय, त्यानंतर येईन. आणि गेला! जावई मोठ्या पगाराचा, मोठ्या घराचा, पण एच-वन-बी व्हिसावर, नोकरी गेली तर जास्तीत जास्त 60 दिवसांत दुसरी शोधायची नाहीतर गाशा गुंडाळायचा. त्याने अंगात ताप असताना रात्री दहाला मीटिंग केली. वर त्यांच्या मित्रमंडळीत "सो बिझी" हे अभिमानाने सांगायची पद्धत आहे. थॉर्स्टिन व्हेब्लेन नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1899 मध्ये लिहिलं होतं की श्रीमंत लोक आपला रिकामा वेळ मिरवतात, त्याला एडिसनमधलं देशी गेट-टुगेदर दाखवायला पाहिजे होतं.

आणि जातीचं म्हणाल तर तिथे फक्त पैशाचाच वर्ग आहे हे कोणी सांगितलं? किमान वेतनाचा आणि ओव्हरटाइमचा त्यांचा मूळ कायदा 1938 चा, त्यातून शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या होत्या. अमेरिकेच्या दक्षिणेत ही दोन्ही कामं कोण करायचं, तर मुख्यतः काळे लोक, आणि दक्षिणेतल्या खासदारांच्या मताशिवाय कायदा पास होणं अवघड. घरकामवाल्या बायकांना किमान वेतनाचं संरक्षण मिळायला 1974 उजाडलं. बाबासाहेबांनी 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातच, म्हणजे एडिसनहून दीडएक तासावर, निबंध वाचताना जात म्हणजे बंदिस्त वर्ग असं म्हटलं होतं. पुढे ते म्हणाले की जात ही नुसती श्रमाची नाही, श्रमिकांची विभागणी आहे. ते आपल्याबद्दलच बोलत होते, पण त्या वगळलेल्या बायकांचा विषय निघाला की मला तेच वाक्य आठवतं. तिकडे ओळख झाली की पहिला प्रश्न तुम्ही काय करता, आपल्याकडे आडनाव काय, मूळचे कुठले. दोन्हीकडे समोरच्याला कुठे बसवायचं हेच चाललेलं असतं.

परत आल्यावर बायकोने आमच्या बाईंना महिन्यात चार खाडे भरपगारी करून टाकले, सांगून, कॅलेंडरवर लिहून. आता सोसायटीतले लोक नाराज आहेत, तुम्ही रेट बिघडवताय म्हणतात, मीटिंगमध्ये विषयसुद्धा काढला. विषय काढणाऱ्या तिघांचीही मुलं अमेरिकेत आहेत, आणि तिघांनीही तुमचा तो लेख आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला होता.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली