क्रेमोनाहून परत आल्यावर

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोन मध्येच कट झाला आणि क्रेमोनाच्या मैफलीचं सांगायचं राहूनच गेलं. बाबा, हे पत्र जास्त करून तुमच्यासाठी आहे. "ते लोक कागद बघून गातात, त्यात गायकी कसली?" असं तुम्ही नेहमी म्हणता ना, त्यावर भांडायचंय.

क्रेमोना म्हणजे स्ट्राडिव्हारीच्या व्हायोलिनचं गाव. संगीतकार मॉन्तेवेर्दीही इथलाच, जन्म १५६७ चा. एका जुन्या चर्चमध्ये त्याच्या 'ऑर्फेओ'तले निवडक प्रवेश होते. हा ऑपेरा १६०७ साली मांतुआच्या राजवाड्यात पहिल्यांदा झाला. तेव्हा ऑपेरा हा प्रकारच जेमतेम दहा वर्षांचा होता. फ्लॉरेन्सची विद्वान मंडळी जुनी ग्रीक नाटकं डोळ्यांसमोर ठेवून गाण्यातून बोलणारं नाटक शोधत होती, त्यातून हे निघालं.

आई, गोष्ट म्हणजे उलटी सावित्री. बायको साप चावून मरते आणि हा गवई, म्हणजे ऑर्फेओ, तिला आणायला थेट पाताळात जातो. नदीवरचा नावाडी म्हणतो, जिवंत माणसाला नेत नाही. मग ऑर्फेओ त्याला गाऊन विनवतो. बाबा, इथे कान द्या. १६०९ साली छापलेल्या प्रतीत या गाण्याच्या सुरांच्या दोन ओळी एकाखाली एक आहेत, एक साधी आणि एक पूर्ण सजवलेली. गायकाने दोन्हींपैकी एक गायची! परवाच्या गायकाने सजवलेली घेतली. एकाच स्वरावर गळ्याने ठोके देत देत तो असा वेग वाढवायचा की तुम्ही मांडीवर थाप मारली असती. आपली तान नाही ही, स्वर जागचा हलत नाही. मागून दोन व्हायोलिनं उत्तर देत होती, एक जवळून आणि एक लांबून आल्यासारखं.

साथीदारांच्या कागदावर तर फक्त खर्जाच्या सुरांची ओळ आणि वर काही आकडे असतात, बाकीचं गायकाकडे बघत जागेवर भरायचं. थिओर्बो वाजवणारा मुलगा (वाद्य त्याच्याहून उंच, तारा आतड्याच्या) दर गाण्याआधी खुंट्या पिळत बसला होता. लोक चुळबुळत होते, मला मात्र घरच्यासारखं वाटलं.

एवढं गाऊन नावाडी काही विरघळत नाही हं. गाणं छान होतं म्हणतो, आणि पुढे चक्क झोपी जातो! ऑर्फेओ त्याचीच नाव घेऊन पलीकडे जातो. मला हे फार आवडलं. कलेने दगडाला पाझर फुटला वगैरे नाही.

शेवटी मॉन्तेवेर्दीच्याच 'आरियान्ना'तला विलाप झाला. १६०८ च्या त्या अख्ख्या ऑपेराचं संगीत हरवलं, एवढाच भाग हाती उरलाय. आई, शेजारच्या आजीबाई डोळे पुसत होत्या, मीही पुसले.

दोन्हींच्या लिंक दादाला पाठवल्यात. बाबा, मोबाईलवर ऐकू नका, हेडफोन लावा, आणि आधी टीव्ही बंद करा. मग रविवारी भांडू.

आईने गोळ्या वेळेवर घ्याव्यात.

तुमची,
मनू