गुणांचा कागद शेतकऱ्याच्या हातात

चिकमगळूर

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आत्याने परवा आईला विचारलं म्हणे, "पोरगी कॉफीच्या हॉटेलात काय करते?" म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी कॉफी विकत नाही, करूनही देत नाही. मी तिची पारख करते. मळ्यांवरून नमुने येतात. आधी ३५० ग्रॅम कच्च्या बिया पसरून निवडायच्या. स्पेशालिटी, म्हणजे वरच्या दर्जाच्या म्हणवणाऱ्या मालात एकही पूर्ण काळी बी चालत नाही. मग नमुना हलका भाजायचा, भरड दळायचा आणि सव्वाआठ ग्रॅम पुडीवर ९३ अंशांच्या आसपासचं १५० मिलिलिटर पाणी ओतायचं. चार मिनिटांनी वरचा थर चमच्याने मोडायचा. तेव्हा नाक वाडग्याला टेकल्यासारखं हवं, कारण त्या वासातच मालाची निम्मी कुंडली कळते. मग चमच्याने मोठा भुरका. आई, भुरक्यावरून तू आम्हाला रागवायचीस, पण भुरका मारल्याशिवाय तो वास घशामागून नाकात नीट चढत नाही. एकाच मालाचे पाच वाडगे मांडतात. खराब बी असलीच तर ती एखाद्याच वाडग्यात सापडते. शेवटी १०० पैकी गुण द्यायचे. ८० किंवा त्याहून वर गेला तर तो माल स्पेशालिटी.

वाडग्यावर मळेवाल्याचं नाव नसतं, नुसता आकडा असतो. बाबा, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिते. तंबाखू वखारीत नेला की व्यापारी पान चुरगाळून "हलका माल" म्हणायचा आणि तिथेच दर पडायचा. हलका का, ते विचारायची सोय नव्हती. पट्टी हातात घेऊन घरी आलेला तुमचा चेहरा मला आठवतो. १९८१ साली तंबाखूच्या दरासाठी शेतकरी नेते शरद जोशींच्या हाकेवर तुम्ही निपाणीच्या हमरस्त्यावर बसलात, ती हकिगत ऐकतच मी मोठी झाले. कॉफी बोर्डाचा डिप्लोमा करायला बेंगळुरूला निघाले, तेव्हा माझ्या मनात तेच होतं. इथे पारख करणाऱ्याला कारण लिहून द्यावं लागतं.

यंदा एका छोट्या मळेवाल्याच्या अरेबिका जातीच्या कॉफीला आंबूस वास आला. गुण कमी पडले. मी त्याला फोन केला. पल्परने, म्हणजे यंत्राने, फळाची साल काढून टाकीत भिजत ठेवलेल्या बिया धुवायला पाणीच नव्हतं, वीज गेली होती, त्यामुळे माल एक रात्र जास्त टाकीत राहिला, असं तो म्हणाला. पुढचा माल त्याने वेळेवर धुतला आणि तो ८० च्या वर गेला. त्याला दरही चांगला मिळाला. तो गुणांचा कागद त्याने घरात लावून ठेवलाय. आपल्या सीमाभागातलं कन्नड इथे थोडं वेगळं वाटतं खरं, पण त्याच्याशी मोकळं बोलता आलं ते त्या कन्नडमुळेच.

सरकारी नोकरीसारखी पेन्शन नाही, ही तुमची काळजी रास्त आहे. दरमहा थोडे पैसे बाजूला टाकते आहे. आणि जीभ-नाक सांभाळणं हाच माझा व्यवसाय, त्यामुळे सर्दी झाली की कामच थांबतं. कपिंगच्या, म्हणजे अशी चव घेण्याच्या दिवशी कच्चा कांदा नाही, अत्तर नाही. आईचा ठेचा मात्र सुट्टीसाठी राखून ठेवते.

संक्रांतीला येणं जमणार नाही. अरेबिकाची तोडणी संपत येते, रोबस्टा या दुसऱ्या जातीची सुरू होते, नमुन्यांची रीघ लागते. गुढीपाडव्याला नक्की येईन.

तुम्हीही इकडे या ना. मार्च-एप्रिलमध्ये पहिला पाऊस पडला की आठ-दहा दिवसांत सगळे मळे पांढऱ्या फुलांनी भरतात. वास मोगऱ्यासारखा असतो आणि बहर दोन-तीन दिवसच टिकतो, म्हणून तारीख आधी सांगता येत नाही. पाऊस पडल्या दिवशी फोन करीन. दोघांच्या पिशव्या भरून ठेवा, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आठवणीने घ्या आणि हुबळीपर्यंतच या. तिथे मी गाडी घेऊन येते.

तुमची,
सुमी